सातव्या महिन्याची वाट बघू नका: ठाणे-नवी मुंबईच्या जोडप्यांसाठी गरोदरपणातली क्रूझ

सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकायचं आणि मग दोघांनी चार दिवस कुठेतरी जाऊन यायचं, असा बेत ठाण्या-नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांत ठरतो. महाबळेश्वरला जायचं असेल तर चालून जाईल. क्रूझचा बेत मात्र इथेच फसतो. सातवा लागेपर्यंत २५-२६ आठवडे उलटलेले असतात आणि बहुतेक क्रूझ कंपन्या २४व्या आठवड्यापुढच्या गरोदर बाईला जहाजावर चढू देत नाहीत. नियम मोडून तिकीट काढलं तरी कंपनी धक्क्यावरूनच परत पाठवते आणि पैसे सहसा बुडतात.

हा नियम उगाच आलेला नाही. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात. पण प्रसूतितज्ज्ञ नसतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवायला एनआयसीयू नसतो. २४व्या आठवड्यानंतर कळा सुरू झाल्या तर बाळाला वाचवायची संधी असते, पण त्यासाठी लागणारी एकही सोय समुद्रात नसते.

बहुतेक जण आधी ऑफर बघतात, मग केबिनचे फोटो, मग सुट्टी आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे.

१. महिने सोडा, आठवडे मोजा

'पाचवा लागला' हे सासूबाईंना सांगायला ठीक. चेक-इनच्या काउंटरवर आठवडे विचारतात, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले. पहिल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी प्रसूतीची तारीख बदलली असेल, तर बदललेली तारीख धरायची. फाइलमध्ये दोन तारखा असतील तर कुठली खरी ते डॉक्टरांकडून एकदाच पक्कं करून घ्या. चिठ्ठीत एक आणि फॉर्ममध्ये दुसरी तारीख पडली की काउंटरवर वाद ठरलेला.

एक हिशोब करून बघू. पाळीचा पहिला दिवस १ ऑक्टोबर २०२६ असेल तर:

- १४ आठवडे पूर्ण: ७ जानेवारी २०२७
- १८ आठवडे पूर्ण: ४ फेब्रुवारी
- २० आठवडे पूर्ण: १८ फेब्रुवारी
- २३ आठवडे पूर्ण, म्हणजे २४वा लागला: ११ मार्च
- २४ आठवडे पूर्ण: १८ मार्च
- प्रसूतीची अंदाजे तारीख: ८ जुलै

११ मार्च आणि १८ मार्च, या दोन तारखांमध्येच लोक अडकतात. 'चोविसावा आठवडा लागलेला नसावा' आणि 'चोवीस आठवडे पूर्ण झालेले नसावेत' ही वाक्यं सारखी वाटतात, पण त्यांत सात दिवसांचा फरक आहे. तुमच्या कंपनीने यातलं कुठलं लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. एजंट 'चालतं हो मॅडम' म्हणाला, यावर विसंबू नका. त्याच्याकडून कंपनीचं उत्तर ईमेलवर मागा.

आणि ही मोजणी उतरायच्या दिवसापर्यंत करायची असते. चढताना २२ आठवडे ६ दिवस आणि उतरताना २३ आठवडे ३ दिवस, तर पहिल्या प्रकारच्या नियमात तुम्ही बसत नाही.

सगळ्यात सोयीचा काळ १८ ते २२ आठवडे. उलट्या बहुतेकींच्या १४ ते १६ आठवड्यांपर्यंत ओसरतात, पोट अजून जड झालेलं नसतं आणि १८ ते २० आठवड्यांची अॅनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना, हे बघणारी सोनोग्राफी) झालेली असते. त्या स्कॅनमध्ये वार खाली आहे का, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी किती, हे कळतं. प्रवासाचा निर्णय बराचसा याच दोन गोष्टींवर ठरतो. म्हणून वरच्या उदाहरणात १८ फेब्रुवारी ते ५ मार्च या पंधरवड्यातली सफर बघा आणि स्कॅन तिच्या आधी बसवा.

आता हवामान. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो, तेव्हा मुंबईहून क्रूझचा विचारच नको. मे महिना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे दिवस. तौक्ते मे २०२१मध्ये आलं होतं. नोव्हेंबरअखेर ते मार्च हा भरवशाचा काळ. म्हणजे शेवटची पाळी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आली असेल, तर तुमचे १८ ते २२ आठवडे पावसाळ्यात किंवा त्याच्या शेपटाला येतात. अशा वेळी मुंबईची क्रूझ सोडून द्यावी. सवलतीत मिळतेय म्हणून तर मुळीच घेऊ नये.

२. मार्ग आधी, जहाज नंतर

मुंबईतून सुटणारं ओळखीचं मोठं जहाज म्हणजे कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस'. १९९० साली बांधलेलं हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. हल्लीच्या लाख-दीड लाख टनी जहाजांपुढे ते मध्यमच म्हणायचं, आणि जहाज लहान असलं की हलणं जास्त जाणवतं. जहाजापेक्षाही मार्ग महत्त्वाचा. प्रत्येक मार्गाला दोन प्रश्न विचारा: जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात नांगर टाकतं? आणि तिथून चांगलं हॉस्पिटल किती लांब आहे?

मुंबई-गोवा-मुंबई. गरोदर बाईसाठी आमची पहिली पसंती हीच. गोव्यात जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं, त्यामुळे शिडीवरून थेट जमिनीवर उतरता येतं. दाबोळी विमानतळ तिथून अगदी जवळ आहे, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज रस्त्याने गाठता येतं. जाताना फारच त्रास झाला, तर जहाजाच्या रिसेप्शनला सांगून गोव्यातच उतरायचं आणि विमानाने घरी यायचं, ही वाट मोकळी राहते.

दोन रात्रींची 'हाय सी' सफर. कुठेच न थांबता मुंबईला परत. फक्त आराम हवा असेल तर छान, खर्चही कमी. पण मधे उतरायला जागा नाही. समुद्र लागणारी (बोटीत मळमळणारी) बाई असेल तर ते दोन दिवस फार लांबतात.

लक्षद्वीप. ब्रोशरवर सगळ्यात देखणा आणि गरोदरपणात सगळ्यात अडचणीचा मार्ग. बेटांभोवती प्रवाळाची कडी आणि उथळ खाजण, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि प्रवाशांना छोट्या होडीतून नेतात. जहाजाच्या बाजूचं दार पाण्याच्या जरा वर असतं. होडी लाटेबरोबर हात-दीड हात वरखाली होत असते आणि ती वर आली की त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. दोन खलाशी दंडाला धरतात, तरी पोट पुढे आलेल्या बाईचा तोल अशा वेळी जाऊ शकतो. शिवाय ही बेटं केरळच्या किनाऱ्यापासून २०० ते ४४० किलोमीटर लांब आहेत. बेटावर जायला परवानाही लागतो. जायचंच असेल तर 'मी जहाजावरच थांबणार, तो एकटा बेट बघून येणार' हे आधी ठरवून जा. तिथे पोचल्यावर मन आवरत नाही.

कोची. धक्क्याला लागतं, शहरात हॉस्पिटलं उत्तम. फक्त दिवस वाढतात, ते आठवड्यांच्या हिशोबात धरा.

सिंगापूरहून. मुंबईहून साधारण साडेपाच तासांचं विमान, मग जहाज. मलाक्काच्या सामुद्रधुनीतलं पाणी दोन्ही बाजूंच्या जमिनीमुळे बरंच शांत असतं, जहाजंही मोठी. पण व्हिसा, विमान, हॉटेल धरलं की 'आराम' हा शब्द मागे पडतो. झिकाचाही (डासांमुळे होणारा, गर्भाला धोक्याचा आजार) विचार करा. तो आपल्याकडेही आहे, २०२४मध्ये पुण्यात गरोदर बायकांनाही झाला होता. मात्र परदेशात विम्याविना आजारी पडणं महागात जातं. झिका नवऱ्याकडूनही बायकोला होऊ शकतो, म्हणून डासांपासून बचाव दोघांनीही करायचा.

३. तासाभराची चाचणी

चाळीस-पन्नास हजार भरण्याआधी एका सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडा. साधारण तासाभराचा प्रवास, चढायला-उतरायला सोपं. गाडी खालच्या डेकवर ठेवून माणसं वर बसतात. उलटीची गोळी न घेता बसा आणि बघा. किनारा दूर गेल्यावर मळमळ सुरू झाली, घाम फुटला, जांभया येऊ लागल्या (जांभया हे समुद्र लागण्याचं सुरुवातीचं एक लक्षण आहे, कंटाळ्याचं नव्हे), तर तीन रात्रींचा विचार पुन्हा करा.

ही चाचणी शंभर टक्के खरी नसते. रो-रो भरभर हलते, मोठं जहाज संथ आणि लांब झोके घेतं. काहींना पहिलं सोसतं आणि दुसरं सोसत नाही. पण गाडीच्या मागच्या सीटवर बसल्यावर घाटात त्रास होतो आणि रो-रोवरही झाला, तर उत्तर मिळालं म्हणायचं.

क्रूझ बाद झाली तर ऐरोलीच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला बोट असते. ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत गेली, ती आपल्या घराजवळच आहे. पाणी संथ, पण बोट लहान आणि तिच्यात स्वच्छतागृह नाही. वेळ भरतीप्रमाणे बदलते, म्हणून आधी विचारून जा.

४. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

'डॉक्टर, फिरायला जाऊ का?' असं विचारलं की 'जा, काळजी घ्या' हे उत्तर येतं. त्याऐवजी कागदावर लिहून न्या: कुठल्या तारखेला चढणार, कधी उतरणार, किती तास जमीन दिसणार नाही, जहाजावर सोनोग्राफी आणि प्रसूतितज्ज्ञ नसेल. हे वाचल्यावर डॉक्टर वेगळा विचार करतात.

जुळं असेल, आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, या खेपेला रक्तस्राव झाला असेल, वार खाली असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल, तर बहुतेक डॉक्टर नाही म्हणतील. तिथे दुसऱ्या डॉक्टरकडून 'हो' मिळवायच्या मागे लागू नका.

परवानगी मिळाली की लेटरहेडवर चिठ्ठी घ्या. तिच्यात इतकं हवंच:

- आधार किंवा पासपोर्टवर आहे तसंच नाव
- प्रसूतीची अंदाजे तारीख
- चढायच्या आणि उतरायच्या दिवशीचे आठवडे व दिवस. वरच्या उदाहरणात २२ फेब्रुवारी २०२७ला २० आठवडे ४ दिवस, २५ फेब्रुवारीला २१ आठवडे
- एकच गर्भ आहे, गुंतागुंत नाही
- समुद्रप्रवासाला योग्य, असं स्पष्ट वाक्य
- सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख

चिठ्ठी निघायच्या किती दिवस आधीची चालते, ते कंपनीला विचारा. महिन्याभरापूर्वीची चिठ्ठी काउंटरवर नाकारली जाऊ शकते.

यातली पहिली ओळ सगळ्यात जास्त घोटाळा करते. आधारवर माहेरचं आडनाव, हॉस्पिटलच्या फाइलवर सासरचं, तिकिटावर एजंटने टाकलेलं तिसरंच काहीतरी. आपल्याकडे हे अगदी घरोघरी आहे. तिकीट आणि चिठ्ठी दोन्ही ओळखपत्राप्रमाणेच करून घ्या. फाइलवर वेगळं नाव असेल तर विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत बरोबर ठेवा.

५. केबिन

मधली, खालची आणि लिफ्टजवळची केबिन घ्यायची. झुल्याचं टोक जास्त हलतं आणि मधला भाग कमी, तसंच जहाजाचं. पुढचा भाग वरखाली आपटतो, मागे इंजिनाची थरथर, वरच्या मजल्यांवर बाजूचा झोका मोठा. वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली केबिन महाग असते म्हणून चांगली असेल, असं समजू नका. समुद्र लागत असेल तर ती सगळ्यात वाईट.

बिनखिडकीची केबिन स्वस्त पडते, पण मळमळ आली की क्षितिज दिसलं पाहिजे. डोळ्यांना सगळं स्थिर दिसतंय आणि कानातला तोल सांगतोय की आपण हलतोय, या भांडणातूनच मळमळ होते. निदान खिडकी घ्या.

बुक करताना डेकचा नकाशा मागा आणि तुमच्या केबिनच्या वर-खाली काय आहे ते बघा. थिएटर, डिस्को, किचन यांच्या शेजारी रात्री दोनपर्यंत झोप नाही. पलंग एकत्र की वेगळे, तेही विचारा. काही केबिनमध्ये दुसरा पलंग भिंतीतून उघडणारा, वरचा असतो. बाथरूमच्या दाराशी पाणी अडवायला उंच उंबरा असतो. रात्री तीन-चार वेळा उठणाऱ्या बाईला तो हमखास लागतो, म्हणून मिणमिणता दिवा न्या किंवा बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार जरा लोटून ठेवा.

६. पैसे आणि विमा

जाहिरातीतल्या आकड्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवा शुल्क चढतं. 'सगळं धरून दोघांचे किती' हे लेखी घ्या. रद्द करण्याचे टप्पे बघा: जितका उशीर तितकी कपात, आणि शेवटच्या दिवसांत बहुधा काहीच परत मिळत नाही. अॅनॉमली स्कॅनचा रिपोर्ट बुकिंगनंतर येणार असेल, तर तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, जरा महाग पडलं तरी.

प्रवास विम्यात गरोदरपणाशी संबंधित खर्च बहुतेक वेळा वगळलेला असतो. पॉलिसीतलं 'काय मिळणार नाही' हे प्रकरण वाचा, किती आठवड्यांपर्यंत आणि कुठली गुंतागुंत धरली आहे ते लेखी विचारा. नेहमीच्या मेडिक्लेममधला प्रसूतीचा भाग प्रतीक्षा काळानंतरच लागू होतो आणि तो जहाजावरच्या दवाखान्याचं बिल देईलच असं नाही. ते बिल तिथल्या तिथे तुमच्या खात्यावर चढतं.

७. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि प्रत्येकाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये:

- दोघांची मूळ ओळखपत्रं. परदेशी मार्ग असेल तर किमान सहा महिने वैध पासपोर्ट आणि व्हिसा
- बोर्डिंग पास, वेब चेक-इनची प्रत
- डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ आणि दोन प्रती
- गरोदरपणाची फाइल किंवा माता-बाल संरक्षण कार्ड, शेवटची सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट
- चालू औषधांचं प्रिस्क्रिप्शन
- विम्याची प्रत, डॉक्टरांचा आणि हॉस्पिटलचा फोन नंबर कागदावर लिहिलेला

रक्तगट निगेटिव्ह असेल तर फोल्डरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पडणं-झडणं किंवा रक्तस्राव झाला, तर अँटी-डी इंजेक्शनचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

८. बॅग

लोह, कॅल्शियम आणि इतर गोळ्या तीन रात्रींसाठी आठवडाभराच्या न्या. वादळामुळे जहाज उशिरा येऊ शकतं. उलटीची गोळी डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. गरोदरपणात साधारण डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनची गोळी देतात, तिने गुंगी येते. ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. मळमळ चढल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. कानामागे चिकटवायची पट्टी कोणी सुचवली, तर विचारल्याशिवाय लावू नका.

आलेपाक, सुंठेच्या गोळ्या, लिंबू, खाखरे, कुरमुरे जवळ असू द्या. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. बाहेरच्या खाण्याबद्दल प्रत्येक जहाजाचा नियम वेगळा असतो. घरचं शिजवलेलं बहुतेक ठिकाणी अडवतात, सीलबंद पुडे काही ठिकाणी चालतात. विजेची किटली आणि इस्त्री मात्र काढून घेतात, ती नेऊच नका.

रबरी तळाची सपाट चप्पल, पातळ स्वेटर (एसी बोचरा असतो), सैल सुती कपडे, पोटाला टेकू द्यायला एक लांबट उशी आणि साबण. साबण मुद्दाम लिहिलाय: जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचं सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबणपाण्याने वीस सेकंद हात धुणं करतं.

९. घरापासून बॅलार्ड पिअरपर्यंत

ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मग ईस्टर्न फ्रीवे. तो पी. डी'मेलो रोडला उतरतो आणि तिथून क्रूझचा धक्का असलेलं बॅलार्ड पिअर जवळच. वाशी-नेरूळकडून सायन-पनवेल रस्त्याने मानखुर्द आणि पुढे फ्रीवे. उलवे, पनवेल, खारघरच्या लोकांना अटल सेतू सोयीचा, २१.८ किलोमीटर, कारला एकेरी टोल (२०२४ साली २५० रुपये होता), आणि शिवडीला उतरून फ्रीवे मिळतो. सेतूवर सिग्नल नाही, हे पैसे वसूल आहेत. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी एक तास जादा धरावा, कारण काय सांगायचं.

गाडीत पट्टा लावायचाच: खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूला. लोकलने जायचं तर गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यात बसायची मुभा आहे, पण बॅगा घेऊन सीएसएमटीला उतरणं आणि पुढे टॅक्सी शोधणं टाळलेलं बरं.

चेक-इनच्या वेळेत पहिल्या तासात पोचा. बॅग तपासणी, कागदपत्रं, तब्येतीची चौकशी यांत उभं राहायला लागतं. रांगेत शिरण्यापूर्वी कर्मचाऱ्याला 'गरोदर आहे, खुर्ची हवी' असं स्पष्ट सांगा, देतात. पोट दिसत नसलं तरी आठवडे लपवू नका. फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तर विमाही हातचा जातो.

१०. जहाजावर

चढल्यावर आधी सुरक्षेचा सराव. तो सगळ्यांना सक्तीचा असतो. लाइफ जॅकेटचा पट्टा पोटावर न आवळता वर बांधायचा, तो कर्मचाऱ्याकडूनच बसवून घ्या. दवाखाना कुठल्या डेकवर आणि केबिनच्या फोनवरून कुठला नंबर फिरवायचा, हे सामान उघडायच्या आधी बघून ठेवा.

फोन लगेच फ्लाइट मोडवर. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि बिल हजारांत येतं. घरी 'दोन दिवस फोन लागणार नाही' हे सांगून निघा, नाहीतर आई इकडे पोलिसांत जायची तयारी करते.

खाण्यात साधा नियम: समोर शिजलेलं, गरम, वाफ येणारं. कापून ठेवलेली फळं, कच्ची मोडाची कडधान्यं, सॅलड, अर्धकच्चं अंडं, सुशी, मशीनमधलं मऊ आइस्क्रीम बाजूला. मासे चालतील, नीट शिजलेले. बांगडा, मांदेली, पापलेट खा, मोरी टाळा, सुरमई बेताने. बुफेत ताट एकदाच भरायच्या मागे लागू नका, दर दोन-अडीच तासांनी थोडं खा. छातीत जळजळ आणि मळमळ दोन्ही आटोक्यात राहतात. लोहाची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमबरोबर नको.

पोहायला हरकत नाही, पण तलावाभोवतीची फरशी निसरडी असते. जकुझी, सॉना, स्टीम बंद: शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. मसाज घ्यायचा तर गरोदर बायकांचा मसाज शिकलेली व्यक्ती आहे का विचारा, आणि पाठीवर सरळ झोपून नको, कुशीवर. धुराड्यांजवळचा आणि सिगारेटचा डेक टाळा, डिझेलच्या वासानेच अर्ध्या जणींना उलटी होते. जिन्याला कठडा धरल्याशिवाय पाऊल टाकू नका, दोन्ही हातांत ताटं घेऊन तर नाहीच. ताटं नवऱ्याने आणावीत.

मळमळ सुरू झाली तर केबिनमध्ये पडून मोबाइल बघू नका. खालच्या मोकळ्या डेकवर मधोमध बसा, क्षितिजाकडे बघा, घोट घोट पाणी प्या. पडावंसंच वाटलं तर डाव्या कुशीवर, डोळे मिटून.

गोव्यात उतरल्यावर दिवसभराची बसची सहल घेऊ नका. दोन-तीन तासांसाठी टॅक्सी करा, जेवा, परत या. जहाज सुटायच्या वेळेच्या निदान दोन तास आधी बंदरात असा. ते उशिरा येणाऱ्या प्रवाशांसाठी थांबत नाही.

११. हे झालं तर दवाखान्यात, सकाळची वाट न बघता

रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट आवळणं, डोकं फार दुखणं किंवा डोळ्यांसमोर अंधारी, १०० फॅरनहाइटच्या वर ताप, एकाच पायाला सूज आणि दुखणं, पोटावर पडणं, चोवीस तास काहीच पोटात न टिकणं. रात्री दोनला डॉक्टरांना उठवायला संकोच करू नका, बिलाचा विचार उतरल्यावर.

१२. उतरायची आदली रात्र

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. औषधं, फोल्डर, सकाळचे कपडे आणि चप्पल त्या बॅगेत जाऊ देऊ नका. सकाळची गोळी खालच्या कुठल्यातरी ट्रॉलीत आणि बाई रिकाम्या पोटी रांगेत, असं हमखास होतं. नाश्ता करूनच उतरा. सकाळी मुंबईकडे येणारी बाजू तुंबलेली असते, ठाण्या-वाशीकडे जाणारी त्या मानाने मोकळी, म्हणून घाई नको.

जमिनीवर आल्यावर एक-दोन दिवस पायाखाली डुलल्यासारखं वाटतं. ते आपोआप जातं, तोवर जिन्यावर जपून. आणि २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी असते, तिची तारीख निघायच्या आधीच घेऊन ठेवा, कारण परत आल्यावर लगेच डोहाळजेवणाची धांदल सुरू होते.